चुना, राख आणि मोरीतलं ॲसिड

फळा रोज पुसतो, पण किस्से काही पुसले जात नाहीत. भोकरदनला मी अकरावीचा केमिस्ट्रीचा क्लास घेतो. एव्हाना धक्के खायची सवय व्हायला हवी होती. झालेली नाही!

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "समोर अनोळखी पांढरी पावडर आहे. कशी ओळखाल?"

सगळा वर्ग एका सुरात, "चाखून!"

मी खुर्चीत बसलो.

---

"लाकूड एवढं जळालं, राख मूठभर उरली. बाकीचं वस्तुमान कुठं गेलं?" मला धूर, वायू असं काहीतरी ऐकायचं होतं.

मागून एक पोरगी तावातावानं म्हणाली, "चुलतीनं नेलं असंल! आमच्या सरपणाचं तर तेच होऊन राह्यलंय!"

---

अमोनियम क्षारात चुना मिसळला तर कोणता वायू निघतो?

पिंपळगाव रेणुकाईचा गजानन उठला. त्यानं खिशातून डीएपी खताचे दाणे काढले, चुन्याची डबी काढली, तळहातावर तंबाखूसारखं चोळलं आणि हात थेट माझ्या नाकाशी! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अमोनिया, सर! खत असली हाये का, आमच्याकडं असंच बघतेत."

"बरोबर. पण चुन्याची डबी तुझ्या खिशात कशी?"

त्यानं डबी हळूच शेजारच्याच्या दप्तरात सरकवली.

---

केदारखेड्याच्या वैशालीनं एकदा ब्लीचिंग पावडर आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं समीकरण फळ्यावर बरोबर सोडवलं. शेवटी लिहिलं, क्लोरीन वायू.

मी म्हणालो, "विषारी असतो. फरशी धुवायचं ॲसिड म्हणजे हेच; ते आणि ही पावडर घरी कधीच एकत्र करू नका. बंद मोरीत माणूस जाईल!"

वैशालीच्या हातातला खडू पडला. "सर, आई दोन्ही टाकूनच मोरी घासती. आज तेच करून राह्यली असंल."

मीच फोन लावून दिला, स्पीकरवर. पलीकडून आधी नुसता खोकला.

"आई, जल्दी बाहेर ये! दार उघडं टाक!"

दार वाजलं. पुन्हा खोकला. मग मोकळा श्वास. सगळ्या वर्गानं श्वास सोडला.

"आले गं. येवढं काय झालं? ठसका तर रोजच लागतो. ठसका लागल्याबिगर मोरी साफ निघाली असं वाटतच न्हाई!"

"आई, सर म्हनतेत त्यो वायू विषारी हाये."

"सर हायेत का तिथं? मंग इचार त्यायला, दोन्हीचं माप किती घ्यायचं असतं?"