थर्माकोलच्या पेटीतली मेथी

वीस वर्षं मी शेतकऱ्यांना शेती शिकवली. तोंडानं नव्हे, तोंडानं शिकवली असती तर कोणीतरी उलट बोललं असतं. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी कारकून होतो आणि बियांच्या पुडीबरोबर जे माहितीपत्रक जातं ते लिहायचं काम माझ्याकडं होतं. दोन ओळींत अंतर किती, खत कधी, फवारणी कशाची, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, ‘पाणी बेताने द्यावे.’ पीक कोणतंही असो, हे वाक्य मी लावून द्यायचो. पंख्याखाली बसून मी भेंडी केली, टोमॅटो केला, कापूस तर किती केला त्याला माप नाही. प्रत्यक्षात माझ्या हातानं मोहरीचा दाणा उगवलेला नव्हता.

माझी पत्रकं मनापासून वापरणारा एकच शेतकरी मला माहीत आहे, तो म्हणजे माझे वडील. आमचं शेत वाटूरच्या पुढं. गावी जाताना मी पत्रकांचा गठ्ठा न्यायचो आणि अण्णा त्यात तंबाखू बांधून ठेवायचे.

“कागद चांगला हाय तुमच्या कंपनीचा,” ते म्हणायचे. “घामानं फाटत न्हाई.”

माझ्याबद्दल अण्णांचं एक मत होतं आणि ते जुनं होतं. एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी कॉलेजच्या सुट्टीत गावी होतो आणि मिरचीच्या रोपांचा वाफा माझ्या ताब्यात दिला होता. चार दिवसांत सगळी रोपं पिवळी पडून मान टाकून बसली. अण्णांनी त्यातलं एक उपटलं, सडलेली मुळी दोन बोटांत धरली आणि बांधावर उभ्या असलेल्या चार माणसांना दाखवत म्हणाले, “याच्या हाताला उगवत न्हाई. याला नोकरी बघा.”

नोकरी बघितली, मिळाली, लग्न झालं, जालन्यातच मस्तगडला घर झालं, डोक्यावरचे केस गेले. ते वाक्य मात्र गेलं नाही. दिवाळीत, लग्नकार्यात, कोणी माझ्या नोकरीचं कौतुक करायला लागलं की अण्णा ते हळूच काढायचे. माझी एवढीच इच्छा होती की एकदा, फक्त एकदा, अण्णांनी माझ्या हातची भाजी खावी आणि ‘चांगली झाली’ म्हणावं. चाळिशी गाठलेल्या माणसानं अशी इच्छा कोणाला सांगू नये, म्हणून ‘घरी बिनफवारणीची भाजी पिकवू’ असं म्हणत मी ती आरोग्याच्या नावाखाली पुढं आणली.

दोन हजार सालाच्या पुढंमागं एका कृषी प्रदर्शनात मला मातीविना भाजीपाल्याची एक पुस्तिका मिळाली. ती वाचून मला वाटलं, ही शेती माझ्यासाठीच काढली आहे. चिखल नाही, वखर नाही, मोटार नाही, बांधावर उभी राहणारी चार माणसंही नाहीत. थर्माकोलची पेटी घ्यायची, आतून प्लास्टिक लावायचं, पाणी भरायचं, त्यात ठिबकमधून देतात ते विरघळणारं खत टाकायचं. झाकणाला भोकं पाडून त्यात चहाचे प्लास्टिकचे कप बसवायचे. कपाला खालून छिद्रं, आत नारळाच्या शेंड्या, शेंड्यांत बी. मुळ्या खाली पाण्यात उतरतात. झाड पाणी पितं, तसं पेटीतलं पाणी खाली जातं, आणि झाकण आणि पाणी यांच्या मधे रिकामी जागा तयार होते. ही रिकामी जागा म्हणजे या शेतीचा जीव. वरच्या मुळ्या तिथं श्वास घेतात. ती पुन्हा पाण्यानं भरली की मुळ्या गुदमरतात आणि झाड मरतं. पुस्तिकेत हे वाक्य ठळक छापलं होतं. मी त्याखाली लाल रेघही मारली.

औषधाच्या दुकानातून पाच पेट्या आणल्या. गच्चीवर मांडल्या. मेथी, पालक, कोथिंबीर आणि कोपऱ्यातल्या एका पेटीत पुदिन्याच्या काड्या. पेटीतलं पाणी किती उरलं ते बघायला प्रत्येक झाकणाच्या कडेला एक मोठं भोक ठेवलं. दाभण तापवून कपांना छिद्रं पाडताना बोट भाजलं, ते मी आठवडाभर कंपनीत दाखवत फिरलो.

मेथी वीतभर झाली आणि एके सकाळी बघतो तर सगळी झोपलेली. झाकण उचललं तर पेटी काठोकाठ.

“पाणी कोणी घातलं?”

“मी,” बायको म्हणाली. “काल नळ आल्ता ना. अर्ध्या पेट्या रिकाम्या दिसल्या.”

जालन्याबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्याकडं नळ आठवड्या-दहा दिवसांनी यायचा. आला की घरात जे जे पोकळ आहे ते भरायचं, हा आमचा कुळाचार. टाकी, पिंप, हंडे, बादल्या झाल्या की पातेली, कुकर, डबे, देवापुढचा तांब्या. नळ गेल्यावर घरात एखादं भांडं अर्धं राहिलेलं दिसलं तर भाकरी गोड लागत नाही. पाहुणा चहा पिऊन कप खाली ठेवतो तोवर नळ आला तर तो कपसुद्धा भरून ठेवतील अशी आमची गल्ली. अशा घरात ‘अर्धी रिकामी ठेवा’ असं सांगणारी पुस्तिका आणणं हाच मुळात आगाऊपणा होता. पण मी ते स्वतःवर घेतलं नाही. बायकोला समोर बसवून मुळ्यांचा श्वास समजावून सांगितला, चांगला पाऊण तास.

“कळलं,” ती म्हणाली. “आता मी तिकडं बघत बी न्हाई.”

दुसरी पेरणी केली. त्याच सुमारास अण्णांच्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ठरलं. शस्त्रक्रिया जालन्यात, मंग तीन आठवडे आमच्याकडं मुक्काम, डॉक्टरांनी पुन्हा बघितलं की गावी. मी बोटं मोजली. मेथी बराबर जायच्या आदल्या दिवशी ताटात येत होती.

शस्त्रक्रिया नीट झाली. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, म्हणून अण्णांना गच्चीवर खुर्ची टाकून दिली. काळा चष्मा लावून ते माझ्या शेताकडं बघत बसायचे.

“माती कुठंय?”

“लागत नाही.”

“आन् हे खालचं रिकामं कशाला ठेवलं?”

मी सांगितलं. सांगता सांगता पत्रकाची भाषा तोंडातून सुटली. ‘मुळांना प्राणवायू’ वगैरे म्हणून गेलो. अण्णांनी झाकणाच्या भोकातून आत बघायचा प्रयत्न केला, मंग वाकायचं नाही हे आठवून परत टेकून बसले.

“म्हंजी भरायचं न्हाई.”

“बिलकुल भरायचं नाही.”

“बरं,” अण्णा म्हणाले. त्या ‘बरं’मधे तिरकसपणा नव्हता. मी दोनदा आठवून पाहिलं. मेथी दाट होती, पालकाची पानं तळहाताएवढी झाली होती. रोज सकाळी अण्णा एखादं पान तोडून चावायचे आणि काही बोलायचे नाहीत. काही न बोलणं हे अण्णांच्या बाबतीत कौतुकाच्या फार जवळचं होतं.

जायला चार दिवस उरले असताना मेथीनं मान टाकली. पालकाचीही पानं लुळी. मी झाकण उचललं. काठोकाठ.

मी तसाच खाली स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला बोललो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिला या घरात माझं काहीच चांगलं झालेलं बघवत नाही, इथपर्यंत गेलो. ती पोळ्या लाटत होती, ती लाटत राहिली. एवढंच म्हणाली, “परवा नळ आला त्या दिवशी मी बहिणीकडं घनसावंगीला गेल्ते. घरी कोण होतं ते आठवा.”

“मंग काय अण्णांनी भरलं?”

“त्यान्लाच विचारा.”

मी गच्चीवर गेलो. अण्णा खुर्चीत बसले होते. बायको पोळपाट सोडून माझ्या मागं आली. असा योग ती सोडणार नव्हती.

“अण्णा, परवा नळ आला तेव्हा पेट्यांत पाणी कोणी घातलं?”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“तूच भरल्तं की.”

“मी?”

“मंग कोण? जल्दी जल्दी करत पायपी घेऊन वर आलास. ती टाकी भरली, दोन बादल्या भरल्या, माझ्या उशाचा तांब्या वतून नवा भरला. मंग ह्या भोकात पायपी घालून एक एक पेटी भरलीस. गाणं म्हणून राह्यल्तास. माझा एकच डोळा चालू हाय, पण त्यानं बराबर बघितलं.”

आणि मला आठवलं. पायपीचा ओला गारवा हाताला आठवला. प्रत्येक भोकातून पाणी वर आलं की मनाला किती बरं वाटत होतं तेही आठवलं. लाल रेघ मारणारा मी एकीकडं होतो आणि नळ आल्यावर पायपी धरणारा दुसरीकडं. दोघांची भेटच झाली नव्हती.

“तुम्ही थांबवलं का नाही?”

“आधी तूच म्हणल्तास भरायचं न्हाई. मंग तूच भरून राह्यलास. मला वाटलं, कंपनीनं नवं पत्रक काढलं.”

बायको तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळली. मी पेटीच्या शेजारी खाली बसलो. उपटलेली एक मेथी हातात होती, मुळी तपकिरी, बोटाला चिकटणारी. अण्णांनी हात पुढं केला, म्हणून दिली. त्यांनी ती मुळी दोन बोटांत धरली, अगदी तशीच.

“त्या मिरचीला बी असंच झाल्तं,” ते म्हणाले. “लाईट दोन दिवसांनी आल्ती. आली म्हणून मी मोटार चालू केली आन् वाफा भरू दिला. दुसऱ्या दिवशी आली, परत भरला. लाईट आल्यावर मोटार बंद ठेवायचं मनाला येतच न्हाई.”

“मोटार तुम्ही चालू केली होती?”

“मंग. तू तर बांधाला पुस्तक वाचत बसल्तास.”

“आणि बोललात मला.”

“मंग कोणाला बोलू?” अण्णा शांतपणे म्हणाले. “तिथं तूच हुतास.”

मी बायकोकडं पाहिलं. ती आता हसत नव्हती. माझ्याकडं बघत होती. “चुकलं माझं,” असं मी तिला म्हणालो, अण्णांच्या समोर. लग्नानंतर पहिल्यांदाच असावं, कारण अण्णांनी चष्म्याच्या वरून बघितलं.

“तेवढं बोलून भाजी येती का?” ती म्हणाली. “खाली या. पिठलं केलंय.”

कोपऱ्यातल्या पेटीपर्यंत पायपी पोचली नव्हती. त्यामुळं पुदिना तेवढा वाचला होता. त्याची चटणी झाली. अण्णांनी पिठल्याबरोबर दोनदा घेतली. मी ताटावर मान घालून वाट बघत होतो.

“मीठ जास्त झालं,” अण्णा म्हणाले. चटणी वाटली होती मी.

जाताना त्यांनी पुदिन्याच्या मुळ्या फुटलेल्या चार काड्या मागितल्या. गुंडाळायला काही तरी हवं म्हणून मी पत्रक ओलं करून दिलं. गावी त्यांनी त्या धुण्याच्या दगडाशी, सांडपाण्याच्या ओलीत खोचल्या. पुढच्या वर्षी गेलो तर पुदिन्यानं अर्धं अंगण धरलं होतं. कोणी वाटसरू आला की अण्णा मूठभर तोडून द्यायचे आणि माझ्या देखत सांगायचे, “पोरानं जालन्यात पाण्यात लावल्ता. म्या मातीत आणून वाचवला.”

मी हो म्हणायचो. मिरचीची गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा कोणापुढं काढली नाही.