पाण्याचा दिवस

सावेडीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत चहा घेताना बायको आणि मी एक खेळ खेळायचो. पैशाला मर्यादाच नसेल, तर जगातल्या कुठल्या शहरात राहायचं? मी कधी लिस्बन म्हणायचो, कधी व्हिएन्ना. ती एकच विचारायची, "तिथं नळाला रोज पाणी येतं का?"

मी चिडायचो. अगं, अमाप पैसा आहे असं धरलंय ना आपण? मग तिथंही पिंपंच भरत बसणार का तू?

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. पाण्याच्या दिवशी ती सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेली नव्हती.

गेल्या वर्षी ती वारली. मुलगी टोरांटोला असते, तिथं नळ कधीही सोडा, पाणी असतंच. काल फोनवर ती रडलीच. "बाबा, तिकीट काढते. इकडेच या राहायला."

तेव्हा मी पिंपातलं शिळं पाणी मोरीत ओतत होतो. एकट्याला संपत नाही, तरी दोन पिंपं, हंडा, कळशी, सगळं भरतो.

तिला म्हणालो, "बघू नंतर. उद्या पाणी यायचंय, घरी कुणीतरी पाहिजे."