मांडीखाली दाबलेले हात

कट्टामामाला राग आला की तो मटकन खाली बसायचा. रस्ता असो, चिखल असो, कुणाच्या लग्नाची पंगत असो. दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबायचा आणि समोर कुणी बसलंय असं धरून म्हणायचा, "येशूबापा, मले धर. नाहीतं मी याले धरतो!"

हसू नका. ज्यांनी ते हात पाहिले होते ते हसायचे नाहीत. रिसोडच्या बाजारात सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, पाठीवर वाहणारा हा हमाल. एका अडत्याचा जबडा त्याने एका ठोशात मोडला होता. मामीचं मनगटही त्यानेच मोडलं होतं, आणि तेव्हा तो प्यायलेला नव्हता. मी हे झाकणार नाही. माणूस गेला की त्याला धुऊनपुसून देवमाणूस करायची आपली सवय मला संताप आणते. मामी स्वतःच सांगायची, "येशू घरात आल्यावर यायनं माह्यावर हात नाही टाकला. पण पयलं वरीस रोज टाकता टाकता राह्यले."

येशू घरात आला तो असा. आमच्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये दर रविवारी आई प्रार्थना घ्यायची. मामी चोरून यायची. एका रविवारी मामा तिला केसांना धरून न्यायला आला. आई उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "भाऊ, आधी बसा. बसून मारता येत असलं तं मारा." कुणास ठाऊक का, तो बसला. प्रार्थना संपली, माणसं उठून गेली, तरी बसून होता. शेवटी आईला म्हणाला, "हा जो कोण तुमच्यात हाय, तो मले उठूच देऊन नाही राह्यला."

त्यानंतर तो येशूशी घरातल्या माणसासारखा भांडत राहिला. कट्टा उचलताना बोलायचा, जेवताना बोलायचा. घटकाभर आतून काही जाणवलं नाही की बेचैन व्हायचा. गर्दीत कुणाचं बोट सुटावं तसा. मी तेव्हा नुकतीच मोर्चे आणि पत्रकांच्या नादी लागले होते. एकदा तडकून विचारलं, "मामा, तुमचा येशू तुम्हाला अन्यायाविरुद्ध उठ का म्हणत नाही?"

"तुले उठवते, मले बसवते," तो म्हणाला. "ज्याचं त्याचं दुखणं, पत्रकबाई."

एकदा बसस्टँडवर कुणीतरी त्याला आईवरून शिवी दिली. मामा तिथेच, सुटणाऱ्या एस.टी.पुढे बसला. लोकांना वाटलं रास्ता रोको. मलाही तेच वाटलं! मी धावत जाऊन शेजारी बसले आणि घोषणा ठोकली. मामा खेकसला, "चूप बस, पोरी! मी त्याच्यासंग बोलून राह्यलो अन् तू मधात कायले बोंबलून राह्यली?"

मग तो रविवार आला. 'धर्म बाटवता' म्हणत काठ्या घेऊन टोळकं अंगणात घुसलं. ओळखीचीच पोरं. त्यांच्या बापांचे कट्टे मामाने वाहिले होते. आत बाया, म्हातारी माणसं. मामा शेडच्या दारात बसला, हात मांडीखाली. पहिली काठी खांद्यावर बसली. दुसरी डोक्यावर. रक्त डोळ्यांत उतरलं. मी आईला मागे ओढत होते आणि किंचाळत होते, "मामा, उठा! मारा त्यांना!" हो, मीच. त्या दारातून कुणीही आत येऊ शकलं नाही. मार खाताखाता तो एकच बोलत होता, "सोडू नको, बापा. सुटलो तं हे मरतीन."

दवाखान्यात मी त्याची तक्रार लिहून घेतली. वाटलं, माफ केलं म्हणेल. "नावं लिही सगळ्यायची," तो म्हणाला. "माफ मी केलं, पण मारलंच नाही असं खोटं कायले सांगू?"

"मामा, पत्रकात लिहू का, तुम्ही एवढे शांत होता म्हणून?"

"शांत? अवं, एकेकाचं नरडं फोडावं वाटत होतं! त्यानं धरलं म्हणून." मग त्याचा आवाज फुटला. मार खाऊन न रडलेला माणूस हुंदके देऊन रडायला लागला. "काठ्या पडत होत्या तवा इतका जवळ होता, पोरी, का त्याचा श्वास लागत होता मले. अन् इथी आल्यापासून नाही. हाका मारून राह्यलो. नाही म्हणजे नाहीच."

मी भलतंच काही बोलून गेले, "मग सोडा ना त्याला. तो सोडतो तर तुम्हीही सोडा."

मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आणखी एक काठी मीच घातली. "कुठी जाऊ?" एवढंच म्हणाला.

डोक्यातला रक्तस्राव थांबला नाही. जायच्या दिवशी मामी उशाशी होती. तिने सांगितलं ते असं: पहाटेपासून तो पुटपुटत होता, हाका मारत होता. उजाडल्यावर अचानक गप्प झाला. मग चांगलं खणखणीत ओरडला, "इतके दिवस कुठी होता?" थोडा वेळ ऐकत राहिला. मग "हौ" म्हणाला. पुन्हा "हौ." भांडण मिटल्यावर म्हणतात तसं. दुपारी गेला.

उत्तर काय आलं, ते मामीला ऐकू आलं नाही.

खटला चालू आहे. मी एकही तारीख चुकवत नाही. पण कोर्टात निघण्याआधी आईच्या शेडमध्ये जाते आणि मामाचाच प्रश्न विचारते, "इतके दिवस कुठी होता?", त्याच्याहून जास्त चिडून. मला अजून उत्तर आलेलं नाही. विचारायचं मी सोडणार नाही.