विचारायचं, सांगायचं नाही

एलियाफो मसावेचे गुडघे गेले होते. किलिमांजारो चढायला आलेल्या पाहुण्यांचं सामान वाहून कोणाचेही जातात. आता एकच वाट उरली होती, गाइडचा परवाना. गाइड फक्त स्वतःची पिशवी नेतो. पण परवान्याला इंग्रजीची तोंडी परीक्षा होती, आणि ती शुक्रवारवर आली होती.

पायथ्याच्या मारांगू गावात चर्चमागच्या खोलीत न्देशीबाई शिकवायच्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या. त्या साधं वाक्य द्यायच्या, त्याचा प्रश्न करायला सांगायच्या. कागदावर एलियाफो चुकत नसे. 'डू' उचलून बरोबर पुढे ठेवायचा. घाम गाळून शिकला होता.

मग बाई खुर्चीत पाहुणी होऊन बसल्या. "चला काका, मी डोंगर चढतेय. बोला माझ्याशी."

"यू आर टायर्ड," एलियाफो म्हणाला. "यू ड्रिंक वॉटर."

"अहो, विचारा! सांगताय काय?"

"यू आर ओके. वी गो."

"येस," म्हणत बाईंनी मान टाकली. "मेले मी. उंचीवरच्या विरळ हवेने डोकं फुटत होतं माझं."

"मग तसं बोलायचं ना!"

"मी बरी आहे हे तुम्हीच ठरवून टाकलंत. परक्या मुलखात पाहुणी तुम्हाला खोटं पाडेल होय?"

एलियाफोने वही आपटली. "बाई, जन्म गेला ओझ्याखाली. हमालाने पाहुण्याला काही विचारलं की गाइड खेकसतो, 'तू तुझं चाल.' पाहुणा काही बोलला तर हसून 'ओके' म्हणायचं. तेवढ्या इंग्रजीवर पोट भरलं. आता तोंडातून प्रश्नच निघत नाही, तर काय खणून काढू?"

"खणा," बाई म्हणाल्या. "परत सुरुवातीपासून."

शुक्रवारी तपासनीस म्हणाला, "समजा मी पाहुणा. उंचावर येऊन दगडावर बसलोय." त्याचा चेहरा कोरा. प्रश्न एलियाफोच्या जिभेवर तयार होता. पण समोर कोटातला साहेब.

"यू आर ओके, सर."

"येस," तपासनीस म्हणाला.

ते ऐकताच एलियाफोला कळलं, माणूस हातचा गेला. मग त्याने प्रश्नांचा सपाटा लावला. डोकं, पोट, झोप. एकही चुकला नाही.

तपासनीसाने हात वर केला. "आता विचारून काय उपयोग, बाबा? तुम्ही मला वर न्यायला निघाला होतात. पुढच्या हंगामात या."

परतताना बाई चर्चच्या फाटकाशी भेटल्या. चेहरा बघून त्यांनी निकाल विचारला नाही. "उद्या वर्गाला या," म्हणाल्या.

"उद्या ओझं आहे."

"मग खाली आल्यावर."

"गुडघ्यांनी आणलं तर," एलियाफो तडकून म्हणाला आणि लंगडत घराच्या चढाला लागला.