आप्पांचं बटण

आप्पांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला एकच आवाज, "बा". पाणी हवं असलं तरी बा, पंखा बंद करायचा असला तरी बा. त्याच सुमारास आई न्हाणीत घसरली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. येळ्ळूरच्या घरात आप्पा पुढच्या सोप्यात, आई आतल्या खोलीत आणि त्यांची एकुलती मुलगी मी, माडीवर लॅपटॉपपुढं. बेळगावातली आमची कंपनी शेतपंपांचे कंट्रोलर बनवते. त्यातल्या चिपसाठी प्रोग्राम लिहिणं हे माझं काम. साहेबांनी ते घरून करायला परवानगी दिली होती.

खालची हाक माडीवर पोचायची नाही. आप्पांचा "बा" तर सोप्याबाहेरही जायचा नाही. म्हणून मी दोघांच्या उशाशी एकेक बटण लावायचं ठरवलं. जिन्यावरून वायर ओढली, माझ्या टेबलावर छोटा बोर्ड ठेवला, त्यावर बझर आणि दोन दिवे. आप्पांनी दाबलं तर लाल, आईनं दाबलं तर हिरवा.

प्रोग्राममध्ये मी एक क्लास लिहिला, म्हणजे बटणाचा साचा, आणि त्यातून दोन बटणं घडवली. प्रत्येकाला आपापला दिवा ठाऊक. आता चिपला एवढंच सांगायचं होतं, की बटण दाबलं गेलं की चालू काम सोड आणि दिवा लावणारं हे फंक्शन बोलव. असं आधीच सोपवून ठेवलेलं फंक्शन म्हणजे कॉलबॅक. मी साच्यातलंच फंक्शन दिलं, तर प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरनं ते घेतलंच नाही. त्याचं बरोबर होतं. साच्यातलं फंक्शन नुसतं चालत नाही, ते कुठल्या तरी एका बटणाचं असावं लागतं. ते कुठल्या बटणाचं, हे मी सांगितलंच नव्हतं.

आईच्या औषधाची वेळ झाली होती. मी घाईत ते फंक्शन स्टॅटिक केलं, म्हणजे कुणा एकाचं न ठेवता साच्याचं केलं, आणि बटण लक्षात ठेवायला एक सामाईक जागा दिली. एरर गेली. आईला दाबायला लावलं, हिरवा लागला. आई हरखली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरवा लागला. मी परसातल्या जिन्यानं उतरून मागच्या दारानं धावत आईकडं गेले.

"काय पाहिजे गं?"

"मी कुठं बोलावलं? मी न्हाय दाबलं."

"हात लागला असंल."

"न्हाय गं. माझं बटण हे बघ, खुंटीला हाय."

वर आले तर पुन्हा हिरवा. वायर सैल झाली असेल म्हणून मी बोर्ड उघडून बसले. दिवा लागतच राहिला. शेवटी वायर तपासत सोप्यात आले, तर आप्पा खाटेवरून अर्धे खाली लोंबकळत होते. लुंगी भिजलेली. डावा हात वर ताणून बटणावर तसाच धरलेला.

"बा," ते म्हणाले.

मला त्यांना उचलता येईना. आई आतून ओरडत होती, "काय झालं गं? सांग की!" तिलाही उठता येत नव्हतं. शेजारच्या काकांना हाक मारली, मग दोघांनी मिळून आप्पांना वर घेतलं.

संध्याकाळी ऑफिसातल्या अण्णांना फोन केला. निपाणीचे, आमच्यात सगळ्यांत जुने. कोड ऐकून ते म्हणाले, "सामाईक जागेत आधी आप्पांचं बटण बसलं, मग त्याच्यावर आईचं. आता कुणीबी दाबलं तरी त्याला आईच दिसणार."

"मग करू काय?"

"नुसता फंक्शनचा पत्ता देऊन कसं भागंल? बटणाचाबी पत्ता दे की संगट. दोन्ही घेणारं तयार फंक्शन हाय चिपच्या लायब्ररीत."

तसं केलं. आता आप्पांनी दाबलं की लालच लागायचा. बझर वाजला की मी तिथं हजर. पण तिथं जाऊन काय करायचं, ते मला कळायचं नाही. पाणी? मान हलायची, नाही. चादर? नाही. खिडकी? नाही. व्यायाम घ्यायला येणारे डॉक्टर कानडीत बोलायचे. आप्पा फाउंड्रीत जन्मभर कानडी बोलले होते, म्हणून वाटलं त्या भाषेत तरी काही सुटेल. डॉक्टरांनी कानडीत विचारलं, काय पाहिजे? आप्पांनी ओठ जुळवले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि तोच "बा" बाहेर आला. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले.

परवा दुपारी असाच लाल लागला. मी खाली गेले, सगळं एकेक विचारलं. पाणी, औषध, कूस, पंखा, आई. सगळ्याला नाही. विचारायचं संपलं तशी मी खाटेच्या कडेला बसले आणि त्यांचा उजवा, गार हात मांडीवर घेतला. आप्पांनी माझ्याकडं बघत डाव्या हातानं पुन्हा बटण दाबलं. माडीवर बझर वाजला.

"अगं, आप्पा बोलवायलेत तुला," आई आतून म्हणाली.

"हितंच हाय मी," मी म्हटलं.

आप्पांनी परत दाबलं.