शेवग्याखाली पुरलेला रिपोर्ट

माझ्या बायकोच्या गर्भपिशवीतून काढलेला, तपासणीला पाठवायचा नमुना मी घरामागच्या शेवग्याखाली पुरला. वर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हात जोडले. त्यापायी तिला त्याच टेबलावर पुन्हा झोपावं लागलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी चिडणार आहे.

सुगंधाचं वय बेचाळीस. चार महिने तिला अंगावरून जात होतं. मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू. मी नारपोलीत लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, फिटर. शंभर लूम धडधडत असले तरी कुठल्याचा आवाज बदललाय ते शेडच्या दारातून सांगणारा. घरात बायको भिंत धरून चालते, हे मात्र मला चौथ्या महिन्यात दिसलं.

एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं तिला आणि बोलले माझ्याशी. "क्युरेटिंग करू. पिशवी साफ करायची. दहा मिनिटांचं काम. उद्या उपाशीपोटी आणा."

"साफ म्हंजे काय करनार?" सुगंधानं विचारलं.

डॉक्टर मला म्हणाले, "त्यांना सांगा, घाबरण्यासारखं काही नाही." जसा काही मी दुभाष्या!

मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं इंग्रजी छापलेला कागद पुढे केला. आणीबाणीचे दिवस होते. दवाखान्यात सही म्हटली की आमच्याकडचे पुरुष नसबंदीच्या धाकानं पळत सुटायचे. मी मात्र खिशातलं पेन काढून, नावाखाली दोन रेघा मारून सही ठोकली. काय लिहिलंय ते कळत नव्हतं. पण विचारलं तर अडाणी दिसलो असतो ना!

बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारची बाई दुसरीला हळूच म्हणाली, "पाडायला आनलीय वाटतं." ते माझ्या डोक्यात बसलं. अर्ध्या तासानं सिस्टरनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली आणि इंग्रजी चिठ्ठी हातात दिली. "हे घेऊन जा," म्हणाली आणि आत गेली. मी चिठ्ठी वाचल्यासारखं केलं.

आमच्यात बाळंतपणाची वार मातीत पुरतात, उकिरड्यावर टाकत नाहीत. मग हे तर माझं लेकरूच, असं मी धरून चाललो. शेवग्याखाली खड्डा केला तेव्हा रडलोसुद्धा. बाटली चांगली जाड काचेची होती. ती धुऊन तिच्यात लूमचं तेल भरलं.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी विचारलं, "ठाण्याच्या लॅबचा रिपोर्ट आणलात?"

"कसला रिपोर्ट?"

"बाटली दिली होती ना! कुठाय?"

"बाटली शेडमध्ये आहे. आतलं पुरलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, कॅन्सर आहे की नाही ते त्यातनंच कळणार होतं!"

कॅन्सर. हा शब्द आम्ही दोघांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तोही मला रागावताना!

लूम उघडायच्या आधी मी मालकाला सांगतो काय बिघडलंय, काय काढणार, किती वेळ बंद राहील. काढलेला पार्ट त्याच्या हातात ठेवून कुठे झिजलाय ते दाखवतो. लोखंडाला एवढा मान! आणि जिच्या अंगाला हात लावायचा, तिला एक अक्षर नाही? चूक माझी, ती मी डोक्यावर घेऊन फिरेन. पण दोन वाक्यं बोलायला त्या दवाखान्यात कोणाची जीभ झिजत होती?

घरी येऊन सुगंधा एवढंच म्हणाली, "धागा तुटला तर धा प्रश्न इचारता. माज्यासाठी येक न्हाय इचारला." त्यापुढे माझा राग कुठे उभा करू?

पिशवीचं अस्तर पुन्हा वाढेपर्यंत थांबा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दीड महिना. त्या दीड महिन्यात ती भांड्यांची, लुगड्यांची वाटणी सुनेला समजावत होती. पुन्हा अंगावरून जायला लागलं तसे गेलो. या वेळी सुगंधा टेबलावर चढेचना. "आधी सांगा, मंग झोपते."

आणि डॉक्टरांनी सांगितलं! दोन मिनिटं लागली. तेच तुम्हाला सांगतो. क्युरेटिंगला डी अँड सी म्हणतात. भूल देऊन पिशवीचं तोंड थोडं उघडतात आणि आतलं अस्तर खरवडतात. गर्भ पाडायलाच करतात असं नाही. जास्त रक्त का जातं, तेही त्यावरून शोधतात. खरवडलेलं फॉर्मॅलिनच्या पाण्यात घालून तपासायला पाठवतात, ती बायॉप्सी. बाटली कुठे न्यायची, रिपोर्ट कधी मिळेल, हे विचारल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका. नंतर थोडं दुखतं, थोडं जातं. पण ताप, घाण वास, फार रक्त किंवा पोटात कळा आल्या तर तडक परत या. आणि नवरेहो, पंधरा दिवस लांब झोपा. हे मला सुगंधासमोर ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या एस.टी.त बाटली तिच्या मांडीवर होती. मी हात पुढे केला, तिनं बाटलीवर पदर ओढला.

रिपोर्टही डॉक्टरांनी वाचून तिच्याच हातात दिला. "कॅन्सर नाही. अस्तर जाड झालंय, गोळ्यांनी आटोक्यात येईल." ती हसली. मी बाकावर बसून हुंदके दिले, तर सिस्टरनं पेशंट कोण म्हणून विचारलं.

हे सगळं लिहून काल सुगंधाला वाचून दाखवलं. म्हटलं, "दुसऱ्या बायकांचे हाल टळतील. छापायला देऊ ना?"

"द्या," ती म्हणाली. "पन खाली सही ठोकायच्या आधी येकदा वाचा, काय लिवलंय ते."