ट्वीटर वाजत नव्हता

बायको पुण्याला गेली त्याला तेव्हा चौथं वर्ष लागलं होतं. मुलाला मुलगी झाली, सुनेची नोकरी, म्हणून सहा महिन्यांसाठी ती गेली, आणि मग नात शाळेत जाईपर्यंत राहायचं असं आपोआपच ठरत गेलं. मलाही चला म्हणाले होते. मी दोनदा जाऊन राहिलो. अकराव्या मजल्यावर दिवसभर मला काही काम नसायचं, आणि सगळे मिळून बोलायला लागले की त्यातलं निम्मंच समजायचं. कुठंही हो म्हणायचं, सगळे हसले की हसायचं. कंटाळून मी परत गारखेड्याच्या आमच्या घरी आलो.

इथं सकाळी एकदाच वरणभात लावायचा, संध्याकाळी तोच गरम करायचा. दूधवाला आणि भाजीवाली यांच्याशी होईल तेवढंच बोलणं. कधी कधी दुपारी चहा टाकताना ध्यानात यायचं, आज आपण अजून तोंड उघडलेलं नाही.

माळ्यावर जुन्या टेपरेकॉर्डरच्या स्पीकरचे दोन लाकडी खोके होते. टेप कधीच भंगारात गेला होता, खोके मात्र बायकोनं टाकू दिले नव्हते. एकदा मोबाइलवर एक माणूस असल्याच खोक्यात छोटा ॲम्प्लिफायर बोर्ड बसवताना पाहिला. मी एकतीस वर्षं वाळूजला कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधे काढलेली, हाताला कामाची सवय. पैठण गेटजवळच्या एका दुकानातून तसला बोर्ड आणला. पत्त्याच्या पानाएवढी हिरवी पट्टी, त्यावर एक ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि आवाज कमीजास्त करायचं बटण. एवढीशी वस्तू खोका हलवील यावर माझा विश्वास बसेना. लॅपटॉपचा जुना चार्जर त्याला चालत होता. प्रत्येक खोक्यात जाड आवाजासाठी एक मोठा स्पीकर आणि वर बारीक आवाजासाठी ट्वीटर. आठ दिवस मी घासत होतो, भोकं पाडत होतो, डाग देत होतो. जेवायचंही भान राहत नव्हतं. ते आठ दिवस बरे गेले.

वाजवून बघायला माझ्याकडे एकच गोष्ट होती. पूर्वी दर गुरुवारी आमच्या हॉलमधे गल्लीतल्या बायकांचं भजन असायचं. बायको त्यात टाळ वाजवायची. जायच्या आधीचं शेवटचं भजन तिनं माझ्या मोबाइलवर भरून ठेवलं होतं.

बोर्डाला मोबाइल जोडला आणि भजन लावलं. ढोलकी अशी घुमली की टेबलावरची बशी थरथरली. पेटी आली, बायकांचे आवाज आले. पण टाळ कुठंच नव्हता. नुसतं लाकडावर लाकूड आपटल्यासारखं ठक ठक. कान ट्वीटरला लावला. काही नाही.

ट्वीटर काढून त्याला पेन्सिल सेल टेकवला, तर टक् असा आवाज आला. म्हणजे तो चांगला होता. त्याच्या आधी एक कपॅसिटर असतो, जाड आवाज अडवून बारीक तेवढा पुढं सोडतो. तो बदलला. तरी तेच. मग दोष बोर्डाचा. दुकानदारानं कुरकुर न करता बदलून दिला. दुसऱ्या बोर्डावरही टाळ नाही. तेव्हा मात्र मी चिडलो आणि एक खोका स्कूटरवर पुढं ठेवून सगळं सामानच दुकानात नेलं.

दुकानदार माझ्याच वयाचा, पांढऱ्या दाढीचा माणूस. त्यानं वायरी लावल्या, भजन सुरू केलं, मान तिरकी करून ऐकलं.

"बराबर बजरा ना भाई," तो म्हणाला. "मंजिरे तो कित्ते साफ आरे."

"टाळ कुठं वाजतोय? ट्वीटर बंदच आहे," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्या स्पीकरची वायर काढून टाकली. आता फक्त ट्वीटर चालू होता. माझ्यापुरतं दुकान शांत झालं. बाहेर रिक्षा जात होत्या, तेवढाच आवाज. आणि त्याची बोटं काउंटरवर ताल धरत होती. मला ऐकू न येणाऱ्या माझ्या बायकोच्या टाळावर तो ठेका देत होता.

मी त्याच्या बोटांकडे बघत राहिलो. त्यानं हळूच भजन थांबवलं.

"काम क्या करते थे आप?"

"प्रेस शॉप. वाळूज."

"बोर्ड में कुछ नहीं है भाई," तो म्हणाला. "कान दिखा लो एक बार."

मशीनच्या धडधडाटासाठी कानात घालायला बोळे मिळायचे आम्हाला. मी ते शर्टाच्या खिशात ठेवायचो.

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ जाऊन बारीक आवाजांपाशी ती एकदम खाली उतरली होती. "बायकांचं, लहान मुलांचं बोलणं अर्धवट समजत असेल," त्या म्हणाल्या. "हे आजचं नाही. दहा-बारा वर्षांचं असेल."

संध्याकाळी बायकोला फोन केला. बोर्डापासून सगळं सांगितलं.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. मग माझ्यासाठी सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मी स्वयंपाकघरातून हाका मारायचे. तुम्ही पेपर वाचत बसायचात. मला वाटायचं, मुद्दाम करतात."

"मला वाटायचं, तू बोलायचीच कमी झालीस."

"झालेच होते," ती म्हणाली. "किती वेळा हाका मारायच्या माणसानं."

नातीला भरवायची वेळ झाली होती, तिनं फोन ठेवला.

महिन्याभरानं कानाचं मशीन घेतलं. पहिल्या दिवशी पेपरची पानं इतकी कडकड वाजली की मी वाचणं सोडून दिलं. पंखा कुरकुरत होता, तो केव्हापासून कुणास ठाऊक. बोर्ड नुसता चालू ठेवला तरी त्यातून सूं असा बारीक आवाज येतो, तोही तेव्हाच कळला. मग भजन लावलं. टाळ आला. थोडा पत्र्यासारखा, पण आला. बायको जरा घाईत वाजवायची, कडव्याच्या शेवटी सगळ्यांच्या पुढं जायची. हे तिच्यासोबत इतकी वर्षं काढून मला माहीत नव्हतं. तीनदा ऐकून मी मोबाइल बाजूला ठेवला. त्यानंतर घर पहिल्यापेक्षा जास्त रिकामं वाटलं.

परवा नातीचा फोन आला होता. आधी ती काहीतरी चिवचिवायची आणि मी प्रत्येक गोष्टीला "हो बाळा, हो" म्हणायचो. या वेळी शब्द न शब्द समजला.

"आबा, तुम्ही आमच्याकडे का राहत नाही?"

नुसतं हो म्हणून भागणार नव्हतं. मी खुर्चीवर बसलो. ती पलीकडे थांबली होती, तिचा श्वास ऐकू येत होता.